कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला यॉटने निघतोय, पहिले तीन दिवस कसे काढायचे?

लिस्बनकर: नमस्कार मंडळी, नोव्हेंबरअखेर मित्राच्या ४० फुटी यॉटवर क्रू म्हणून लास पाल्मासहून सेंट लुसियाला निघतोय, २७०० नॉटिकल मैल, साधारण तीन आठवडे, आम्ही चौघं. किनाऱ्यालगत सेलिंग केलंय पण जमीन दिसेनाशी होईल इतकं आत कधी गेलो नाही. स्वयंपाक माझ्याकडे आलाय आणि मला बोट लागते. कुणी गेलंय का या वाटेने? काय तयारी करू?

शीड_आणि_सुकाणू: मी गेलोय. बहुतेकांचं बोट लागणं दोन-तीन दिवसांत थांबतं, घाबरू नकोस. गोळी आदल्या रात्रीच सुरू कर, आणि ती घेऊन किती झोप येते ते घरीच बघून ठेव. निघाल्यावर बेटांच्या मधल्या पट्ट्यात वारा एकदम जोर धरतो, तिथे पोचायच्या आधीच शीड कमी करा. मग थेट पश्चिमेला नाही जायचं, आधी नैऋत्येला केप व्हर्दे बेटांच्या बाजूला उतरायचं, ईशान्य व्यापारी वारे नीट पाठीवर मिळाले की मग पश्चिमेला. जुने खलाशी म्हणायचे लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा. आणि वॉच, म्हणजे पाळीपाळीने पहारा, पहिल्या संध्याकाळपासून लावा, निघायच्या उत्साहात सगळेच मध्यरात्रीपर्यंत डेकवर बसतात आणि दुसऱ्या दिवशी चौघंही आडवे.

मालवणची_मीनल: स्वयंपाकाचं मी सांगते. पहिल्या तीन दिवसांचं जेवण बंदरातच करून ठेव, नुसतं गरम करता आलं पाहिजे, कारण हलत्या बोटीत खाली वाकून कांदा चिरायला लागलास की संपलंच. प्रेशर कुकर नक्की घे, झाकण लॉक होतं त्यामुळे लाटेने हिंदकळला तरी गरम वरण अंगावर येत नाही. पुठ्ठ्याचे खोके धक्क्यावरच टाकून दे, त्यात झुरळांची अंडी असतात. कोबी, लाल भोपळा, कांदे, बटाटे, लिंबं खूप टिकतात, केळी मात्र सगळी एकदम पिकतात. अंडी फ्रिजमध्ये न ठेवलेलीच शोध. प्यायचं पाणी माणशी रोज ३ लिटर धर, आणि वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र) असला तरी बाटल्यांत वेगळा साठा हवाच, तो बंद पडला तर मधे कुठे भरणार?

गोव्याचा_दर्यावर्दी: मीनलताईंचं सगळं बरोबर. माझं एवढंच, बोट लिस्बनहून येणार असेल तर तिथूनच चढ. कॅनरीपर्यंत साधारण ७०० मैल, पाच-सहा दिवस, तेवढ्यात तुझं पोट, तुमचे वॉच आणि बोटीतले बिघाड सगळं कळतं. नौदलाचे दिलीप दोंदे २००९ मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, त्याआधी त्यांनी मॉरिशसची चाचणी सफर केली होती, मग आपण तर करायलाच हवी. आणि रात्री कॉकपिटमध्ये एकटा असशील तेव्हा हार्नेस (सुरक्षा पट्टा) बोटीला अडकवलेलाच, वारा कितीही मंद असो. मागून वारा असताना बूम, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, दोराने पुढे बांधून ठेवा, चुकून जाईब झाली, म्हणजे शीड एकदम दुसऱ्या बाजूला फिरलं, तर तो डोकं फोडेल.

लिस्बनकर: बोट लिस्बनजवळ कास्काइशलाच आहे! आजच कॅप्टनला विचारतो. मीनलताई, तुमची यादी छापून घेतली. पोळ्यांचं पीठ मळायचं की ब्रेडवर भागवायचं?

मालवणची_मीनल: पहिला आठवडा ब्रेड, पुढे पोळ्या. तोवर हात बसतो.