मदत हवी आहे: ४ ऑक्टोबरपासून रविवारचा मराठी वर्ग कोणत्या घड्याळाने भरवावा?

सीमावासी
नमस्कार. मुलांच्या रविवारच्या मराठी वर्गाची वेळ मला उद्या रात्रीपर्यंत सर्व पालकांना कळवायची आहे, आणि त्यावरून आमच्या गटात तीन दिवस चाललेला वाद काही केल्या मिटत नाही. वर्ग सध्या सकाळी १० वाजता भरतो. ४ ऑक्टोबरला घड्याळे पुढे होतील. काही पालक म्हणतात की वर्ग दहालाच राहिला पाहिजे. बाकीचेही तेच म्हणतात, पण त्यांचे दहा वेगळे आहेत. गेल्या वर्षी याच गोंधळात पहिले दोन रविवार पाच मुले तासभर उशिरा आली, आणि त्यांतल्या दोघांनी पुढे येणेच सोडले. डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळ्यापुरते घड्याळ एक तास पुढे करणे, चांगले की वाईट, हे मला विचारायचे नाही. अशा स्थितीत वेळ कशी ठरवावी, एवढेच कृपया सांगा. घाई आहे.

कोथरूडकर
फोनमध्ये तारीख आणि वेळ आपोआप बदलण्याची सोय चालू ठेवा आणि वर्गाचे निमंत्रण कॅलेंडरमधून पाठवा. ज्याच्या त्याच्या गावची वेळ ज्याला त्याला दिसेल. मी सात वर्षे अमेरिकेतल्या मंडळींबरोबर याच पद्धतीने काम करत आहे.

नकाशावाचक
ताई, आपण कोणत्या गावात राहता, हेच लिहिलेले नाही. ऑक्टोबरमध्ये घड्याळे पुढे होतात म्हणजे आपण दक्षिण गोलार्धात आहात, आणि न्यूझीलंडमध्ये हा बदल सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी होतो, त्यामुळे तो देशही नव्हे. तेव्हा आपण ऑस्ट्रेलियात असाल असे धरतो. पण ऑस्ट्रेलियात कुठे, यावरच सगळे अवलंबून आहे. वर्ग प्रत्यक्ष भरतो की ऑनलाइन? मुले कोणकोणत्या राज्यांतली आहेत? शिकवणाऱ्या बाई कुठे असतात?

सीमावासी
हे आधी लिहायला हवे होते. आम्ही ट्वीड हेड्सला राहतो, म्हणजे न्यू साउथ वेल्सच्या अगदी टोकाला. बाउंडरी स्ट्रीट ओलांडली की कूलंगट्टा आणि क्वीन्सलँड सुरू होते. न्यू साउथ वेल्सची घड्याळे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत एक तास पुढे असतात, क्वीन्सलँडची मात्र जागची हलत नाहीत. त्यामुळे सहा महिने आमच्या रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेळा असतात. सहा मुले आमच्या घरी बसतात, तीन आमच्या बाजूची आणि तीन पलीकडची. बाकीची ब्रिस्बेन, माउंट आयझा, सिडनी, ॲडलेड आणि पर्थहून ऑनलाइन येतात.

कोथरूडकर, आपली सूचना इतर ठिकाणी उपयोगी पडेल, पण इथे फोन पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो आणि घरात बसल्या बसल्या वेळ बदलतो. मुलीच्या दाताच्या डॉक्टरांकडे मी याच कारणाने एकदा तासभर उशिरा पोहोचले आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. शिवाय निमंत्रण कोणत्या घड्याळाला बांधायचे, हाच तर प्रश्न आहे.

ब्रिस्बेनकर_बाबा
या त्रासाचे मूळ क्वीन्सलँड सरकारच्या हटवादात आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. इथे तीन उन्हाळे प्रयोग करून २२ फेब्रुवारी १९९२ रोजी सार्वमत घेतले गेले आणि सुमारे ५४.५ टक्के मते विरोधात पडली. आमच्या आग्नेय कोपऱ्याने, म्हणजे ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्टने, बाजूने कौल दिला होता. उत्तर आणि पश्चिम भागाने तो हाणून पाडला. डिसेंबरमध्ये ब्रिस्बेनला पहाटे पावणेपाचच्या सुमारास उजाडते. त्या उजेडाचा कोणालाच उपयोग नसतो, आणि संध्याकाळी कामावरून येऊन मुलाला मैदानात न्यावे तर पावणेसातच्या आत सूर्य मावळलेला असतो. माझे कार्यालय सिडनीच्या वेळेने चालते, त्यामुळे सहा महिने मी आठऐवजी सातला कामाला बसतो. वर्ग सिडनीच्या वेळेने भरवा, आम्हांला त्याची सवय आहे.

तांबडी_माती
मी माउंट आयझाला राहते. आमचा मुलगा याच वर्गात आहे, म्हणून लिहिते.

बाबा, ‘हाणून पाडला’ हा शब्द मला पटला नाही. गुरे गोंधळतात आणि पडदे विटतात म्हणून पश्चिमेकडचे लोक घड्याळ बदलू देत नाहीत, अशी थट्टा या राज्यात वर्षानुवर्षे ऐकू येते. पण आमचे खरे कारण कोणी विचारत नाही. क्वीन्सलँडची वेळ १५० अंश पूर्व रेखांशावरून ठरते. ब्रिस्बेन १५३ अंशांवर आहे आणि माउंट आयझा साडेएकशे एकोणचाळीस अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर तुमच्या डोक्यावरचा सूर्य आमच्या डोक्यावर यायला ५४ मिनिटे लागतात. म्हणजे तुम्ही घड्याळ पुढे करून जो तास मागता, तो आम्हांला घड्याळाला हात न लावता मिळालेलाच आहे. डिसेंबरमध्ये इथे सूर्य सव्वासातनंतर मावळतो. तुमच्या म्हणण्याप्रमाणे झाले तर तो सव्वाआठनंतर मावळेल, आणि भिंती तापलेल्या घरात, लख्ख उजेडात मुलांना झोपवावे लागेल. पारा चाळिशीला टेकलेला असताना ‘आणखी एक तास ऊन घ्या’ असे सांगणे ही आम्हांला सवलत वाटत नाही.

गेल्या वर्षी वर्ग सिडनीच्या दहाला, म्हणजे आमच्या नऊला भरला. माझा मुलगा वेळेवर होता, पण ज्या दोघांनी वर्ग सोडला त्यांच्यावर कोणी आळसाचा ठपका ठेवू नये. त्यांच्या राज्यात घड्याळ बदललेच नव्हते.

ब्रिस्बेनकर_बाबा
रेखांशाचा हिशोब मी असा कधी मांडून पाहिला नव्हता, हे मान्य करतो. तरीही बहुसंख्य लोक ज्या कोपऱ्यात राहतात त्यांनी विरळ वस्तीसाठी अंधारात का राहावे, हा माझा प्रश्न कायम आहे. आग्नेय कोपऱ्यापुरती वेगळी वेळ ठेवता येईल.

तांबडी_माती
म्हणजे सीमावासी ताईंच्या रस्त्यावरची रेघ पुसायची आणि दुसऱ्या कोणाच्या तरी दारात नेऊन आखायची. ब्रिस्बेनच्या पश्चिमेला असलेल्या तुवुंबा शहराच्या अलीकडे आखणार की पलीकडे?

सिडनीची_आई
न्यू साउथ वेल्समध्ये १ मे १९७६ रोजी सार्वमत झाले आणि सुमारे ६८ टक्के लोकांनी घड्याळ बदलण्याच्या बाजूने मत दिले. म्हणून उन्हाळ्यात कामावरून परतल्यावरही समुद्रावर जाता येते, आणि ते सुख आम्ही सोडणार नाही. माझी अडचण मात्र निराळी आहे. ऑक्टोबरपासून रविवारी सकाळी मुलगी निपर्सला, म्हणजे किनाऱ्यावर मुलांना पोहणे आणि जीव वाचवणे शिकवतात तिथे, जाते. तिचे प्रशिक्षण साडेअकरापर्यंत चालते. वर्ग आमच्या दहाला असो वा अकराला, दोन्ही वेळा ती पाण्यात असेल. मागच्या वर्षी मी हे बोलले नाही, कारण सगळे आधीच त्रासलेले होते.

स्वान_नदीकाठचा
पर्थहून लिहितो. आमच्या राज्याने, म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलियाने, १९७५, १९८४, १९९२ आणि २००९ असे चार वेळा सार्वमत घेतले आणि चारही वेळा नकार दिला. शेवटचे मतदान तर तीन उन्हाळे प्रत्यक्ष घड्याळ बदलून पाहिल्यावर झाले होते, म्हणून त्याला अननुभवी लोकांचा हट्ट म्हणता येणार नाही. मी स्वतः होकार दिला होता, कारण सिडनीशी एरवी दोन तासांचे असलेले अंतर उन्हाळ्यात तीन तासांचे होते आणि व्यवसायात ते फार जाचते. पण माझे शेजारी सकाळी लवकर कामाला लागून दुपारचे ऊन टाळणारे लोक आहेत, आणि त्यांचा दिवस मी पाहिलेला आहे.

आता वर्गाचे. सिडनीचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आमचे सात वाजलेले असतात. सात वर्षांच्या मुलाला रविवारी साडेसहाला उठवून बाराखडीला बसवणे मला जमते, त्याला जमत नाही.

गिरगावातला
हा वाद वाचून मुंबईची आठवण झाली. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तेव्हा मुंबईकरांनी तिला कडाडून विरोध केला, कारण मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटे मागे होती आणि सरकारी हुकमाने सूर्य लवकर उगवत नाही असे लोकांचे म्हणणे होते. शहरात वर्षानुवर्षे दोन वेळा चालल्या. ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत टिकला होता. आमच्या आजोबांना कोणी वेळ विचारली की ते आधी ‘कुठली?’ असे विचारत.

कोथरूडकर
माहिती रंजक आहे, पण भारतात घड्याळे पुढे करण्याचा प्रकार कधी झाला नाही, त्यामुळे ही तुलना योग्य नाही.

गिरगावातला
झाला आहे. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारतातली घड्याळे एक तास पुढे होती. आणि आसामच्या चहामळ्यांत आजही ‘बागान टाइम’ प्रमाणवेळेच्या एक तास पुढे चालतो, कारण तिथे उजाडतेच लवकर. माणूस ज्या रेखांशावर उभा असतो त्याप्रमाणे त्याचे मत बनते.

होबार्टवासी
वर्गाशी माझा संबंध नाही, पण उगम टास्मानियाचा आहे म्हणून दोन ओळी लिहितो. युद्धकाळ सोडला तर ही पद्धत ऑस्ट्रेलियात प्रथम आमच्याकडे, १९६७ साली सुरू झाली. आमची वीज धरणांवर चालते, त्या वर्षी दुष्काळ होता, आणि वीज व पाणी वाचवणे हा हेतू होता. आमच्या अक्षांशावर डिसेंबरचा दिवस पंधरा तासांहून मोठा असतो, त्यामुळे एक तास सकाळकडून काढून संध्याकाळला दिला तरी सकाळ उरते. विषुववृत्ताकडे सरकावे तसा दिवस आखूड होतो आणि ही देवघेव अंगावर येते.

नकाशावाचक
धागा माहितीपूर्ण झाला, परंतु मी विचारलेला शेवटचा प्रश्न तसाच राहिला आहे. शिकवणाऱ्या बाई कुठे असतात?

सीमावासी
नाशिकला. पण त्यांची कधी तक्रार नसते.

नकाशावाचक
ताई, मग आपण हा हिशोब एकदा मांडून पाहावा. सिडनीचे दहा म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या हिवाळ्यात नाशिकचे पहाटेचे साडेपाच आणि तिथल्या उन्हाळ्यात साडेचार. गेल्या वर्षी ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत बाई दर रविवारी साडेचारला शिकवायला बसल्या असतील, तेही नाशिकच्या डिसेंबरच्या थंडीत. त्यांची तक्रार नव्हती, की त्यांना कोणी विचारले नव्हते?

माझे मत असे आहे. भारताचे घड्याळ बदलत नाही, क्वीन्सलँडचे बदलत नाही, पश्चिम ऑस्ट्रेलियाचेही बदलत नाही. ज्या तीन ठिकाणी वेळ वर्षभर स्थिर आहे, त्यांना वर्ग बांधावा. निमंत्रण भारतीय वेळेचे पाठवावे, म्हणजे फक्त न्यू साउथ वेल्स आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया (ॲडलेडचे राज्य) इथल्या घरांना वर्षातून दोनदा एक तास सरकावे लागेल, आणि त्यांची घड्याळे त्या रात्री सरकतच असतात. परंतु वाजता किती, हे आधी बाईंना विचारावे.

ब्रिस्बेनकर_बाबा
मी वर सिडनीच्या वेळेचा आग्रह धरला होता, तो मागे घेतो. माझ्या मुलाचा वर्ग कोणाच्या तरी पहाटे साडेचारला चालतो, हे माझ्या लक्षातच आले नव्हते.

सीमावासी
आत्ताच बाईंशी बोलले. त्या आधी ‘चालते हो, मुले येतात ना’ एवढेच म्हणाल्या. दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगितले की यजमानांची झोप मोडू नये म्हणून गेला हिवाळाभर त्या स्वयंपाकघरात दार लावून, शाल पांघरून, ओट्याशी उभ्या राहून शिकवत होत्या. कॅमेऱ्यात मागे डबे दिसत ते त्याचमुळे. मी ते डबे दर रविवारी पाहिले आहेत. त्यांना सकाळचे साडेसात सोयीचे आहेत.

नाशिकचे साडेसात म्हणजे ब्रिस्बेन आणि माउंट आयझाचे दुपारचे १२, पर्थचे सकाळचे १०. ४ ऑक्टोबरपासून सिडनीचा १ आणि ॲडलेडचे साडेबारा. एप्रिलमध्ये घड्याळे मागे आली की सिडनीचे १२ आणि ॲडलेडचे साडेअकरा. माझ्या घरी बसणाऱ्या सहाही मुलांसाठी दारावर एकच पाटी लावणार आहे, आणि तिच्यावर कूलंगट्टाची वेळ असेल. सिडनीच्या ताई, एक वाजता मुलगी किनाऱ्यावरून जेवून येऊ शकेल ना? तुमचे उत्तर आले की लगेच सर्वांना कळवते.

सिडनीची_आई
येईल. केस ओले असतील, पण येईल.

तांबडी_माती
बारा ही आमची जेवणाची वेळ आहे, पण अकराला जेवून घेऊ. गेल्या वर्षी सोडून गेलेल्या दोघांपैकी एकाचे घर आमच्याच गल्लीत आहे. नवी वेळ कळवताना त्यांचेही नाव यादीत ठेवा, मी आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बोलते.