मदत हवी आहे: गारपिटीत गाडी झोडपली, चालू गाडीला विमा कंपनी 'टोटल लॉस' म्हणतेय

तेरणाकाठ
मंडळी, मोटार विम्यातल्या जाणकारांनी जरा इकडे लक्ष द्या.

गाडी २०१७ ची स्विफ्ट, पेट्रोल, पहिला मालक मीच. कर्ज फिटलंय, आरसीवरून बँकेचं नावही उतरवलंय. मार्चअखेरच्या अवकाळीत औशाजवळ एका लग्नाला गेलो होतो, गाडी कार्यालयाच्या उघड्या पटांगणात. गारा लिंबाएवढ्या. पुढच्या काचेला डावीकडे जाळी पडली पण ती जागेवर आहे. मागची काच मात्र पूर्ण खाली आली, तिचे दाणे अजून सीटच्या फटीत सापडतायत. टप, बॉनेट, डिकी, दोन्ही फेंडर, सगळीकडे पोचेच पोचे. सर्व्हेअर खडूने एकेका पोच्याला गोल करत होता, टपाच्या निम्म्यावर आल्यावर त्याने खडू खिशात टाकला.

पण इंजिन, गिअर, सस्पेन्शन ठणठणीत. गाडी मी स्वतः चालवत लातूरला कंपनीच्या वर्कशॉपात नेली. त्यांचं एस्टिमेट (जीएसटी धरून):

पत्र्याचे भाग (टप, बॉनेट, डिकी, फेंडर, दारांचे पत्रे): ८४,०००
काचा: ३१,०००
प्लास्टिक (आरसे, टेललॅम्प, पट्ट्या वगैरे): २२,०००
मजुरी: ५८,०००
रंगकाम: ६६,०००
एकूण: २,६१,०००

आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ३,२०,०००. झिरो डेप (भागांच्या जुनेपणाची कपात न करणारी जादा सोय) नाही. काल विमा कंपनीतून फोन आला, "७५ टक्क्यांच्या वर गेलंय, टोटल लॉसमध्ये टाकतोय. आयडीव्ही घ्या आणि गाडी सोडा." साल्व्हेजची (गाडी आहे त्या अवस्थेत विकत घेणाऱ्याची) बोली १,३०,००० आली आहे असंही म्हणाले. मला गाडी सोडायची नाही. सव्वातीन लाखांत आज अशी जपलेली गाडी मिळत नाही. पत्र्यावर पोचे पडले म्हणून चालती गाडी टोटल लॉस होऊ शकते का? आणि हे ठरवतं कोण: वर्कशॉप, सर्व्हेअर की कंपनी?

उगाच_एक
अवघड आहे. आमच्याकडे २०१४ च्या गारपिटीत द्राक्षं गेली, पत्रे गेले, पण गाडी भंगारात गेल्याचं ऐकलं नव्हतं. वाचतोय.

निवृत्त_सर्व्हेअर
आधी धीर धरा आणि फोनवर कशालाही "हो" म्हणू नका. जे काही बोलायचं ते ईमेलवर.

गारपीट ओन डॅमेजमध्ये (पॉलिसीतला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग) नाव घेऊन लिहिलेली आहे, पूर-वादळाच्या शेजारीच. म्हणजे क्लेम बसतो की नाही हा वाद नाही. आता टोटल लॉसचं. पॉलिसीची पीडीएफ उघडा, आयडीव्हीच्या कलमात वाक्य आहे: गाडी आणण्याचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च, पॉलिसीच्या अटी-शर्तींच्या अधीन राहून, आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस. गाडी चालते की नाही याचा त्यात कुठेही उल्लेख नाही. त्यामुळे "इंजिन ठणठणीत आहे" हा मुद्दा सोडून द्या, त्याने काही हलणार नाही.

मुद्दा त्या "अटी-शर्तींच्या अधीन राहून"चा आहे. अटींमध्ये घसारा येतो. तुमची गाडी पाच ते दहा वर्षांच्या गटात, म्हणजे पत्र्यावर ४० टक्के कापणार. प्लास्टिक-रबरावर ५० टक्के. काचेवर शून्य. मजुरी पूर्ण. रंगाचं एकत्र बिल असेल तर त्यातला २५ टक्के भाग हा रंगाचा माल समजतात आणि त्याच्या निम्मे कापतात. मग सक्तीची वजावट (क्लेममधली मालकानेच सोसायची रक्कम), १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये.

तुमचे आकडे मांडतो. पत्रा ८४,००० चे ५०,४००. काचा ३१,०००. प्लास्टिक ११,०००. मजुरी ५८,०००. रंग ६६,००० मधून ८,२५० गेले, राहिले ५७,७५०. बेरीज २,०८,१५०, वजावट जाऊन २,०७,१५०. हे आयडीव्हीच्या ६५ टक्क्यांच्याही किंचित आत आहे. कच्चं एस्टिमेट धरलं तर ८१ च्या पुढे. कंपनीने कच्चा आकडा लावलाय. प्रत्यक्षात दोन्ही पद्धतीने हिशोब करणारे भेटतात, म्हणून भांडण इथेच घाला: "७५ टक्के कोणत्या रकमेवर काढले ते लेखी द्या."

ठरवतं कोण? वर्कशॉप फक्त खर्च सांगतं. नुकसान किती, कोणता भाग बदलायचा आणि कोणता ठोकून सरळ करायचा हे सर्व्हेअर लिहितो (५०,००० आणि त्यावरच्या मोटार क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर लागतोच). मंजुरी कंपनीची.

तेरणाकाठ
साहेब, मनापासून आभार. पण एक कळेना. ६५ टक्क्यांत बसत असेल तर कंपनी स्वतःहून जास्त पैसे, म्हणजे ३,२०,०००, द्यायला का तयार आहे?

निवृत्त_सर्व्हेअर
कारण ते जास्त नाहीत. तुम्ही गाडी सोडलीत की ती १,३०,००० ला साल्व्हेजवाल्याकडे जाते. आयडीव्हीतून वजावट जाऊन ३,१९,०००, वजा १,३०,०००, कंपनीच्या खिशातून गेले १,८९,०००. दुरुस्तीला २,०७,१५०. आता सांगा, तुम्ही कंपनीत बसला असतात तर काय निवडलं असतं?

सर्व्हे रिपोर्टच्या शेवटी हेच असतं: दुरुस्तीने किती, टोटल लॉसने किती, गाडी मालकाकडे ठेवून (नेट ऑफ साल्व्हेज) किती, कॅश लॉसने (दुरुस्तीच्या बिलांऐवजी ठरलेली रोख रक्कम) किती. ज्यात देणं कमी तिकडे शिफारस झुकते. आणि दुसरी भीती पुरवणी एस्टिमेटची. मागची काच फुटून आत पाऊस गेलाय ना? कार्पेट उचलल्यावर खालून काय निघेल ते आज कोणालाच माहीत नाही. काम अर्ध्यावर असताना खर्च ७५ वर गेला तर सगळेच अडकतात, म्हणून रेषेच्या आसपासची गाडी आधीच टोटल लॉसला ढकलतात. व्यवहार म्हणून समजू शकतो. फोनवरून दबाव टाकणं मात्र मला कधीच पटलं नाही.

डॅलसकर
इथे टेक्सासमध्ये गारपीट दर वसंतात. प्रत्येक राज्याची रेषा वेगळी, ओक्लाहोमात ६० टक्के, टेक्सासात १००. तुलना आयडीव्हीशी नाही तर नुकसानाच्या आदल्या क्षणी गाडीचा बाजारभाव किती होता त्याच्याशी. म्हणून भांडण टक्क्यावर कमी आणि बाजारभावावर जास्त होतं. तशाच गाड्यांच्या जाहिराती जमवून विमा कंपनीला पाठवायच्या. गाडी ठेवून उरलेले पैसे घेणारे पुष्कळ, गारांचे पोचे घेऊन फिरणाऱ्या गाड्या सर्रास दिसतात. आणि मोठं वादळ झालं की रंग न लावता पोचे काढणारे कारागीर गावोगाव मुक्कामाला येतात. तुमच्याकडे हे पीडीआर मिळतं का?

उगाच_एक
@डॅलसकर, यांना लातूरचं विचारायचंय हो, ओक्लाहोमाचं काय करू!

गॅरेजवाला_सोलापूर
पीडीआर सोलापुरात बी होतंय आता, पुण्यात तर लई आहेत.

दादा, ऐका. टप बदलू देऊ नका. टप बोल्टवर नसतो, स्पॉट वेल्डवर असतो. बदलायचा म्हणजे खांबांवरून कापायचा, काचा काढायच्या, आतलं लायनिंग काढायचं, मग परत वेल्ड, सीलंट, रंग. कंपनीत जसं बसलं होतं तसं परत बसत नाही, पुढच्या पावसाळ्यात पाणी आत आलं की कळतंय. एस्टिमेट फुगलंय ते ह्याच्यापायी. वर्कशॉपवाला बदलायचंच लिहिणार, त्यांच्याकडं पोचे काढत बसायला माणूस कुठं आहे.

पीडीआरमध्ये लायनिंग खाली घेतात, मागून सळईनं एकेक पोचा हळूहळू दाबत वर आणतात. बाजूला पट्ट्यांची लाईट लावलेली असते, पत्र्यात तिची रेघ वाकडी दिसली की पोचा अजून आहे, सरळ दिसली की गेला. जिथं मागं हात जात नाही तिथं गोंदानं वरून ओढतात. रंग फुटला नसंल तर नवा रंग मारायचा नाही. टपाच्या कडंला, जिथं खाली दुहेरी पत्रा हाय, तिथं मात्र अवघड जातं. दारांना पण तेच करा. मला फोटो पाठवा, लेखी कोटेशन देतो.

हिशोबी
उलटा विचार करून बघा. नेट ऑफ साल्व्हेज मागा: १,८९,००० रोख आणि गाडी तुमच्याकडे. बाहेर लाख-सव्वालाखात काम करून घ्या, वर पैसे उरतात!

निवृत्त_सर्व्हेअर
@हिशोबी, कागदावर छान दिसतं. पण टोटल लॉस मंजूर झाला की पॉलिसी तिथेच संपते, नवा विमा घ्यावा लागतो, आणि आधी टोटल लॉस झालेल्या गाडीला ओन डॅमेज देताना पुढची कंपनी दहा प्रश्न विचारते. शिवाय बऱ्याच कंपन्या आरसी रद्द करून आणा म्हणतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नष्ट झालेल्या किंवा कायमची निकामी झालेल्या गाडीची खबर मालकाने १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते. पोचे पडलेली चालती गाडी त्यात बसत नाही, पण कंपनीने अट घातली तर आरसी नसलेली गाडी घेऊन करणार काय? हा पर्याय घ्यायचाच असेल तर "आरसी रद्द करावी लागणार नाही" हे आधी लेखी घ्या, मगच सही.

चारचाकी_चक्रम
सगळ्यांसाठी एक अवांतर. पाच वर्षांवरच्या गाडीचा आयडीव्ही दोघांच्या संमतीने ठरतो. ऑनलाइन नूतनीकरणात आयडीव्हीची पट्टी खाली ओढली की हप्ता चार-पाचशेने उतरतो आणि आपण खूश. पण त्याबरोबर ७५ टक्क्यांची रेषाही खाली येते. तसंच झिरो डेपचं. घसारा कापला जात नाही, म्हणून कंपनीचं देणं कच्च्या एस्टिमेटच्या जवळ जातं आणि तीच गाडी लवकर टोटल लॉस होते. घेऊ नका असं नाही, नव्या गाडीला घ्याच, पण हे कुणी एजंट सांगत नाही.

तेरणाकाठ
अपडेट देतो. निवृत्त_सर्व्हेअर यांनी सांगितलं तसा कंपनीला आणि सर्व्हेअरला एकच ईमेल टाकला: टोटल लॉसला माझी संमती नाही, ७५ टक्क्यांचा हिशोब घसारा धरून द्या, साल्व्हेजच्या बोल्या दाखवा, सर्व्हे रिपोर्टची प्रत द्या, आणि सोबतच्या पीडीआर कोटेशनवर फेरतपासणी करा. गॅरेजवाले दादांनी कोटेशन खरंच दिलं, फोन करून अर्धा तास समजावलं ते वेगळंच.

सर्व्हेअर परत आला. या खेपेला टॉर्च आडवा धरून टप बघितला. कार्पेटही उचलून पाहिलं, ओल होती, गंज किंवा वायरिंगला काही नाही. आता टप आणि दारं रिपेअरमध्ये घ्यायला तो तयार आहे. नवा हिशोब असा: पत्रा (बॉनेट आणि डिकी) ३१,०००, काचा ३१,०००, प्लास्टिक २२,०००, पीडीआर धरून मजुरी ६२,०००, रंग ३८,०००. एकूण १,८४,०००. म्हणजे कच्चा आकडासुद्धा ५७.५ टक्के. कंपनीचं देणं माझ्या हिशोबाने १,५४,८५० होतं. ते १,८९,००० पेक्षा कमी असल्यामुळे असेल, फोनवरचा सूर एकदम मऊ झालाय. माझ्या खिशातून २९,१५० जातील, ते मला परवडतंय. एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाणार हे धरून चाललोय. लेखी मंजुरी अजून आलेली नाही.

वकिली_चष्मा
लेखी येईपर्यंत काम सुरू करू नका. आयआरडीएआयच्या (विमा नियामक) २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेअरने नेमणुकीपासून १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि कंपनीने त्यानंतर ७ दिवसांत निर्णय. टाळाटाळ झाली तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवर नोंद. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर विमा लोकपाल. लातूरला पुण्याचं कार्यालय लागू पडतं. फी नाही, वकील लागत नाही (आम्हाला तिथे उभंही करत नाहीत). सर्व्हेअरचा रिपोर्ट म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच म्हटलंय, ते तक्रारीत एका ओळीत घाला.

आणि काम बाहेरच्या गॅरेजात करणार असाल तर कॅशलेस बहुधा मिळणार नाही. आधी तुम्ही भरायचे, मग बिलं आणि पावत्या लावून परतावा. काढलेले जुने भाग फेकू नका, काम झाल्यावर सर्व्हेअर ते बघायला मागतो.

तेरणाकाठ
धन्यवाद, नोंद केली. गॅरेजवाले दादा, एकच शंका. आज कंपनीचा माणूस म्हणतोय, "बॉनेटही रिपेअरमध्ये घ्या, अजून खर्च कमी होईल." पण बॉनेटच्या पुढच्या कडेला तीन ठिकाणी रंग तडकलेला वाटतोय. तिथे पीडीआर होईल का?

गॅरेजवाला_सोलापूर
नाही. रंग तडकला तिथं पीडीआर नको, पोचा निघंल पण पोपडा सुटून खालून गंज धरंल. बॉनेट नवंच घ्या, ते बोल्टवर असतंय, कापाकापी काही नाही. तडकलेल्या जागेवर नख फिरवून बघा, अडकलं तर रंग फुटलाय. शेजारी नाणं ठेवून जवळून फोटो काढा, सकाळच्या तिरप्या उन्हात, आणि मंजुरी यायच्या आत सर्व्हेअरला धाडा.