भडोच हे नाव भृगू ऋषींवरून पडलं का?

बाळीवेस:
शाळेच्या भिंतीवर तेर ते भडोच या जुन्या व्यापारी वाटेचा नकाशा रंगवायचा आहे. बंदरापाशी नावाची एक ओळ हवी. कुणी भृगुकच्छ म्हणतं, कुणी भरुकच्छ, ग्रीक बारिगाझा लिहितात. ‘गाझा म्हणजे खजिना’ असंही ऐकलं. काय लिहू?

सात रस्ता:
भरुकच्छ लिहा. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात हेच रूप कोरलेलं आहे, पाली जातकांतही, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांतही, हेच. कच्छ म्हणजे पाण्याकाठची जमीन, आणि गाव नर्मदेच्या उत्तर काठावर. भृगू ऋषींची परंपरा तिथे आजही मानतात, तिचा मान ठेवावाच. पण भृगुकच्छ हे मला मागाहून बनवलेलं संस्कृत रूप वाटतं.

खजिना मात्र गाळा. ग्रीकमध्ये गाझाचा तो अर्थ आहे खरा, पण इथे तो ‘कच्छ’चा ग्रीक उच्चार. त्यांना ‘भ’ही नव्हता, म्हणून ‘बा’.

होटगी रोड:
कुंभकारचा कुंभार होताना मधला क गळतो ना, तसंच इथे. भरुकच्छ, मग प्राकृतात भरुअच्छ. पुढे उ आणि अ मिळून ओ झाला, र चा ड झाला, की आपलं भडोच. गुजरातीत र टिकला, म्हणून भरूच. आजच्या नावापासून उलटं अर्थ लावत गेलात तर फसाल. आधी जुनी रूपं काळानुसार मांडायची.

बाळीवेस:
आभार. तेरहून भडोचला सरळ रेघ ओढली तर चालेल?

सात रस्ता:
नको, पैठणवरून वळवा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ‘पेरिप्लस’ हे सागरी व्यापाराचं ग्रीक पुस्तक भडोचहून पैठण २० दिवस आणि तिथून तगर, म्हणजे आपलं तेर, १० दिवस सांगतं. तगर पैठणच्या पूर्वेला असं त्यात म्हटलंय, प्रत्यक्षात तेर आग्नेयेला आहे. ती दिशा जशीच्या तशी घेतलीत तर तेर भलतीकडेच पडेल. पैठणहून गोमेदाचे खडे जात. तेरहून जाडंभरडं कापड आणि मलमल, तेही गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून! सोलापूरच्या पोरांना नकाशावर हे कापड दिसलंच पाहिजे.

होटगी रोड:
नर्मदेच्या मुखाशी वाळूच्या उथळ पट्ट्याही दाखवा. भरती इतक्या जोरात येई की परकी जहाजं कलंडत. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी नावा घेऊन समोर जात, जहाज ओढून आणत; भरतीला पुढे सरकायचं, ओहोटीला ठरलेल्या खोल जागी नांगर टाकायचा.