चामडे आणि डेनिम एकाच मशीनवर: जुन्या मशीनमध्ये बदल करावा की वॉकिंग फूट घ्यावे?

प्रश्न

नमस्कार. इचलकरंजीजवळ आमचा पिशव्या शिवण्याचा छोटा कारखाना आहे. आजवर कॅनव्हासचे काम होते. आता १४ औंस (चौरस यार्डाचे वजन) डेनिमच्या बॅगा आणि त्यांना २ मि.मी. जाडीच्या व्हेज टॅन (झाडांच्या सालीने कमावलेल्या) चामड्याचे पट्टे, असे काम येऊ लागले आहे. आमच्याकडे एका सुईचे, शर्टाच्या कामाचे साधे लॉकस्टिच (वरचा-खालचा धागा गुंफून टाका घालणारे) मशीन असून त्याला क्लच मोटर (सतत पूर्ण वेगाने फिरणारी मोटर) आहे. त्यावर चामडे शिवताना खालचा थर पुढे जातो आणि वरचा मागे राहतो, त्यामुळे लांब पट्टा शेवटापर्यंत बोटभर वाकडा होतो. शिवणीवर शिवण आली की टाका सुटतो, आणि पायडलवर जरा भार पडला की मशीन असे सुसाट सुटते की कोपऱ्यावर थांबवता येत नाही. जाड सुई, जास्त ताकदीची मोटर आणि माल ओढणारे खरबरीत दात बसवले की काम भागेल, असे स्थानिक मेकॅनिकचे मत आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपली मुख्य अडचण ताकदीची नसून माल पुढे नेण्याच्या पद्धतीची आहे, त्यामुळे मोठ्या मोटरने ती सुटणार नाही. साध्या मशीनमध्ये माल केवळ खालचे दात ओढतात आणि वरचा फूट जागच्या जागी दाबून धरतो. कापड त्याखालून सहज घसरते, पण चामडे फुटाला धरून बसते. टेफ्लॉनचा किंवा रोलरचा फूट लावल्यास घर्षण कमी होते, मात्र थरांची सरकासरक पूर्णपणे थांबत नाही. खरबरीत दात तर मुळीच बसवू नयेत, कारण त्यांचे ठसे चामड्याच्या खालच्या बाजूवर कायमचे उमटतात आणि पट्ट्याची तीच बाजू गिऱ्हाईक आधी उलटून पाहते.

वॉकिंग फूट मशीनमध्ये, म्हणजे कंपाउंड फीडमध्ये, सुई, आतला फूट आणि दात हे तिन्ही एकत्र पुढे सरकतात. सुई थरांत रुतलेली असतानाच माल पुढे जात असल्यामुळे थरांना एकमेकांवरून घसरायला वावच उरत नाही. जुकी कंपनीचे साधे डीडीएल-८७०० हे मिनिटाला ५,५०० टाक्यांपर्यंत जाणारे, तर वॉकिंग फूटचे डीएनयू-१५४१ हे कमाल २,५०० टाक्यांचे, पण ९ मि.मी.पर्यंत लांब टाका घेणारे मशीन आहे. या दोन आकड्यांवरूनच कोणते मशीन कोणत्या कामासाठी घडवले आहे, हे लक्षात येईल.

सुईचेही तसेच आहे. साध्या मशीनच्या डीबी×१ सुईचा दांडा १.६२ मि.मी.चा, तर वॉकिंग फूटच्या डीपी×१७ सुईचा २ मि.मी.चा आणि लांबीही जास्त, त्यामुळे एका मशीनची सुई दुसऱ्याला चालत नाही. आहे त्याच मशीनला त्याच जातीची जाड सुई लावायची झाली, तरी शटलचे (खालचा धागा गुंफणाऱ्या भागाचे) टोक आणि सुई यांमधील अंतर पुन्हा लावून घ्यावे लागते. हे अंतर जेमतेम कागदाच्या जाडीइतके असते. ते कमी पडले तर शटलचे टोक सुईला घासून बोथट होते, आणि वाढले तर टाका सुटतो.

प्रतिसाद २

मी चामड्याच्या बॅगा शिवतो, म्हणून सुई आणि धाग्याविषयी लिहितो. वॉकिंग फूट मशीनला डीपी×१७ म्हणजे गोल टोकाची आणि डीपी×१६ म्हणजे कापणाऱ्या टोकाची, अशा दोन्ही सुया बसतात. निव्वळ डेनिमला गोल टोक वापरावे, कारण ते सूत बाजूला सारून आत जाते. कापणारे टोक सूत तोडते आणि शिवण कमजोर करते. पट्टा डेनिमवर शिवताना मात्र मी डीपी×१६ वापरतो आणि डेनिमच्या आतून चामड्याचा एक तुकडा आधाराला देतो, म्हणजे ओढ कापडावर न येता त्या तुकड्यावर येते.

बाँडेड (तंतू चिकटवून घट्ट केलेल्या) नायलॉनचा टेक्स ९० धागा असेल (टेक्स म्हणजे धाग्याच्या जाडीचे माप) तर १९ किंवा २० नंबरची सुई आणि टेक्स १३५ असेल तर २२ किंवा २३ नंबरची सुई घ्यावी. टाका ४ मि.मी.च्या आसपास ठेवावा. कापडाच्या सवयीने बारीक टाका घेतला, तर चामड्यावर टपालाच्या तिकिटासारखी भोकांची रांग पडते आणि पट्टा नेमका तिथेच फाटतो. जिथे दोन कडा एकमेकांवर येतात, तिथे त्या रापीने (चामड्याच्या सुरीने) आधी तासून पातळ कराव्यात. निम्मी वाकडी शिवण त्यानेच सरळ होते.

क्लच मोटर काढून सर्व्हो (वेग हवा तसा ठेवता येणारी मोटर) बसवणे हा खर्चाच्या मानाने सर्वांत उपयोगी बदल आहे, आणि तो आपण आजच्या मशीनवरही करू शकता. वेगाची मर्यादा ठरवता येते, आणि नीडल पोझिशनर असल्यास सुई खालीच थांबते, त्यामुळे कोपऱ्यावर फूट उचलून माल निवांत वळवता येतो. पुष्कळशा स्वस्त सर्व्हो मोटरी अगदी कमी वेगात दम सोडतात. त्यावर उपाय म्हणजे मध्ये १:३ चा स्पीड रिड्यूसर, ज्याने वेग एक तृतीयांश होतो आणि जोर जवळपास तिप्पट मिळतो.

प्रतिसाद ३

डेनिमविषयी थोडेसे. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत एकाच मशीनकडून सगळे काम कोणी करून घेत नाही. पायाच्या शिवणीला फीड ऑफ द आर्म (नळीसारख्या हातावर शिवणारे), मोहरीला म्हणजे पायाच्या खालच्या कडेला चेनस्टिच (साखळी टाक्याचे) आणि खिशाच्या टोकांना बारटॅक (दाट टाक्यांनी मजबुती देणारे), अशी वेगवेगळी मशीन असतात. कारणही साधे आहे. दुमडून शिवलेल्या शिवणीत चार थर असतात आणि मोहरी दोनदा दुमडली की त्या जागी बारा थर होतात. आपल्या बॅगेच्या तोंडाशी हेच घडते. ती जागा शिवण्याआधी हातोडीने ठोकून चपटी करावी, आणि चढावर फूट मागे कलू लागला की त्याच्या मागच्या बाजूखाली डेनिमची घडी ठेवावी. फूट सपाट राहिला की टाका सुटत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आणखी दोन शंका आहेत: सपाट बेडचे मशीन घ्यावे की सिलिंडर आर्मचे (नळीसारख्या हाताचे)? आणि जुने घेताना काय पाहावे?

प्रतिसाद १

पट्टे आणि सपाट तुकडे हेच मुख्य काम असेल तर सपाट बेड घ्यावा. शिवून झालेल्या बॅगेच्या आत जाऊन कड किंवा तळ शिवायचा असेल, तरच सिलिंडर आर्मला पर्याय नाही. आपले सध्याचे मशीन विकू नका. अस्तर आणि चेनसाठी ते उत्तमच आहे.

जुने मशीन पाहायला जाताना आपला धागा आणि आपल्याच चामड्याचे तुकडे सोबत न्यावेत. आधी चाक हाताने फिरवून सुईच्या दांड्यात खेळ आहे का, हे पाहावे. नंतर चामड्यावर दहा-बारा टाके पुढे घालून रिव्हर्स घ्यावा. मागचे टाके त्याच भोकांत पडले तर फीडची जुळणी नीट आहे; ते शेजारी पडत असतील, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.