मदत हवी आहे : बालाघाटच्या पठारावर मांजरा आणि विंचरणा नद्यांची पाणलोट सीमा कशी ठरवावी?

पाटोदा तालुक्यातल्या बालाघाट रांगेची पाणलोट सीमा (कुठले पाणी कुठल्या नदीकडे जाते ते वेगळे करणारी रेषा) क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत काढतो आहे. सिंदफणा नदीकडचा उत्तर उतार तीव्र आहे, तिथे सीमा स्वच्छ येते. अडचण माथ्यावर आहे. तिथे मांजरा पूर्वेला निघते, पुढे वळसा घेऊन कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. विंचरणा सौताड्याची दरी उतरून सीनेत, म्हणजे भीमेच्या खोऱ्यात जाते. त्यामुळे इथली चूक थेट गोदावरी आणि कृष्णा खोऱ्यांची सीमाच हलवते.

एसआरटीएमचा (अवकाशातून रडारने केलेले उंचीमापन) ३० मीटरचा डीईएम (जमिनीच्या उंचीचा अंकीय नकाशा) घेतला, तो यूटीएम ४३ उत्तर या मीटरमधल्या नकाशा-प्रक्षेपात आणला, पाणी अडेल असे खळगे भरले, प्रवाहदिशा काढली, ओढा धरायला किमान १००० पिक्सेलच्या पाणलोटाची मर्यादा ठेवली (साधारण ९० हेक्टर). सपाटीवर ओढे पट्टीने आखल्यासारखे समांतर येतात. एसआरटीएमची उंची पूर्ण मीटरमध्येच असते, त्यामुळे मंद उतार पायऱ्यांसारखा मोडतो. शिवाय पाझर तलावाचा बांध डीईएमला टेकडी वाटतो. मागचा भाग सांडेपर्यंत भरला जातो आणि पाणी कधीकधी भलत्याच बाजूने बाहेर पडते. मर्यादा बदलून ओढ्यांची दाटी बदलते, सीमा नाही.

खळगे भरण्याऐवजी डीईएममध्येच बांध कापून पाण्याला वाट काढणे इथे जास्त बरोबर वाटते. पण किती लांबीपर्यंत कापू द्यावे? १:५०,००० नकाशावरचे ओढे डीईएममध्ये कोरायचे (म्हणजे त्या रेषेवरची उंची कमी करायची) तर किती मीटर खोल? कोपर्निकस या युरोपीय उपग्रह कार्यक्रमाचा डीईएम अशा बेसाल्ट पठारावर कुणी वापरला असेल, तर सीमेत कितपत फरक पडला तेही सांगा.