सात वार 'वेदकाळापासून आपलेच' आहेत का?

धागा (नौपाडा, ठाणे)
आमच्या वाचनालयातील परवाच्या व्याख्यानात, सात वार वेदकाळापासून आपलेच आहेत, असे ठामपणे सांगण्यात आले. मला ते पटत नाही. वेदांगज्योतिष या प्राचीन कालगणनेच्या ग्रंथात तिथी व नक्षत्रे आहेत, वार नाहीत. शिवाय वारांच्या क्रमातच त्यांचे मूळ दडले आहे. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र अशा मंदगतीकडून शीघ्रगतीकडे जाणाऱ्या ओळीने एकेका ग्रहाला एकेक होरा (अहोरात्राचा चोविसावा भाग) दिला आणि पहिल्या होऱ्याचा स्वामी तोच दिवसाचा स्वामी मानला, की 24 होरे संपल्यावर शनिवारनंतर रविवार, मग सोमवार, मग मंगळवार येतो. आता हीच वाटणी आपल्या जुन्या कालमापनाने करून पाहा: अहोरात्राच्या 60 घटका वाटल्या तर शनिवारनंतर शुक्रवार येतो, 30 मुहूर्त वाटले तर मंगळवार. क्रम जुळतो तो 24 भागांनीच, आणि ती विभागणी मिसर-ग्रीक परंपरेतली आहे.

प्रतिसाद (वाशी)
गणित चोख आहे, निष्कर्ष मात्र घाईचा वाटतो. वेदांगज्योतिष हा यज्ञकाल ठरवण्यापुरता छोटा ग्रंथ आहे. त्यात उल्लेख नाही म्हणून ती गोष्टच नव्हती, असे कसे म्हणता येईल? आर्यभटाने तर शीघ्रक्रमाने येणारा चौथा ग्रह हा पुढील दिवसाचा स्वामी, हा नियम स्पष्ट दिला आहे.

प्रतिसाद (नौपाडा)
आर्यभटीयाचा काळ इ.स. 499 च्या सुमाराचा. वेदांगज्योतिष बाजूला ठेवून शिलालेख पाहू. नाशिकच्या लेण्यातील प्रसिद्ध लेखात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीचे 19वे वर्ष, ग्रीष्माचा दुसरा पक्ष आणि 13वा दिवस इतका तपशील आहे, पण वार नाही. गुप्त सम्राट बुधगुप्ताच्या एरण (मध्य प्रदेश) येथील लेखात (इ.स. 484) आषाढ शुद्ध द्वादशीसोबत गुरुवार येतो. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पॉम्पेई या रोमन नगराच्या भिंतीवर मात्र ग्रहदेवतांच्या नावांच्या वारांची यादी सापडली आहे. चार शतकांचे हे अंतर कसे भरून काढणार?

प्रतिसाद (ऐरोली)
सात दिवसांचे चक्र आणि ग्रहांची नावे यांचा उगम वेगवेगळा आहे, हेही लक्षात घ्यावे. ज्यूंच्या सप्ताहात सब्बाथ (विश्रांतीचा दिवस) सोडला तर दिवसांना नुसते क्रमांक होते. ग्रहांचा क्रम त्याला रोमन काळात येऊन मिळाला, आणि इ.स. 321 मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने विश्रांतीसाठी सूर्याचा वार ठरवला.

प्रतिसाद (वाशी)
एरणचा पुरावा वजनदार आहे, हे मान्य. तरीही आपल्या ज्योतिर्विदांनी वार सूर्योदयापासून मोजला, पंचांगाच्या पाच अंगांत त्याला स्थान दिले, आणि जुन्या तिथी पडताळताना आजही तोच उपयोगी पडतो. श्रावणी सोमवारी कोपिनेश्वराच्या दर्शनाला उभा राहणारा माणूस परक्याचा वार पाळत नाही.

प्रतिसाद (नौपाडा)
त्याबद्दल माझा वाद नाही. व्याख्यानाच्या छापील टिपणातील 'वेदकाळापासून' एवढा शब्द बदलावा, असे पत्र वाचनालयाला देत आहे. सही करायची असल्यास कळवावे.