चर्चा: डोक्याला चेंडू लागल्यावर 'मी ठीक आहे' हे खेळाडूचे म्हणणे पुरेसे मानावे का?

यष्टीमागून (धागाकर्ता):
३१ जानेवारी २०२५ रोजी गहुंजे येथे इंग्लंडविरुद्धच्या टी-ट्वेंटी सामन्यात अखेरच्या षटकात चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला. बदली म्हणून आलेल्या हर्षित राणाने तीन बळी घेतले, भारत १५ धावांनी जिंकला आणि अष्टपैलू दुबेच्या जागी वेगवान गोलंदाज कसा चालतो, यावरच सगळा वाद झाला. चेंडू लागल्यानंतरही दुबे खेळपट्टीवरच राहिला, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष दिले नाही. माझे मत असे की, नुसती शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढावे आणि हा निर्णय त्याच्या किंवा कर्णधाराच्या हाती ठेवू नये.

सरळबॅट:
असहमत. शंकेवर बदली मिळू लागली, तर कर्णधारांच्या हाती आयताच बारावा खेळाडू येईल. २०२० मध्ये कॅनबेरात ऑस्ट्रेलियाविरुद्ध जडेजाच्या हेल्मेटवर चेंडू लागला, तो डाव संपेपर्यंत खेळला आणि नंतर त्याच्या जागी आलेला चहल तीन बळी घेऊन सामनावीर ठरला. प्रतिपक्षाने हे मुकाट्याने का सोसावे?

मज्जारज्जू:
जडेजा डाव संपेपर्यंत खेळला, यावरून त्याला काही झाले नव्हते असे सिद्ध होत नाही. कन्कशनमध्ये, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला होणाऱ्या इजेत, मेंदू कवटीच्या आत हिसका बसून हलतो आणि त्याच्या पेशींचे काम काही काळ विस्कळीत होते. त्यामुळे सीटी स्कॅन बहुधा स्वच्छ येतो, शुद्ध हरपतेच असे नाही आणि डोकेदुखी, गरगरणे किंवा विसरणे कित्येकदा काही तासांनी सुरू होते. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या आर्चरचा चेंडू मानेवर लागल्यावर ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ तपासणीत उत्तीर्ण होऊन पुन्हा फलंदाजीला उतरला, पण दुसऱ्या दिवशी त्रास जाणवू लागल्याने त्याला सामन्याबाहेर जावे लागले आणि त्याच्या जागी आलेला लाबुशेन हा कसोटीतील पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला. हेल्मेट कवटी वाचवते, आतला हिसका थांबवत नाही. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला, तर क्वचित मेंदूला सूज येऊन जीवही जातो. शिवाय ज्या अवयवाला मार लागला आहे, त्यालाच 'तू ठीक आहेस का' असे विचारून काय हाती लागणार?

सरळबॅट:
वैद्यकीय बाजू मान्य. आता आयसीसीने बदली खेळाडू सामन्याआधीच जाहीर करायला लावले आहेत आणि कन्कशन झालेल्याला किमान सात दिवस विश्रांती सक्तीची केली आहे, त्यामुळे माझा आक्षेप बराच निवळतो. पण तालुक्याच्या स्पर्धेत जेमतेम अकरा जण जमतात आणि डॉक्टर नसतो, तिथे हा नियम कोण राबवणार?

पावसाळीविकेट:
मी शाळेच्या संघाला शिकवतो. एकदा बाउन्सर कानशिलावर बसलेला मुलगा हसत उभा राहिला आणि पुढच्या षटकात त्याने मला दोनदा विचारले, "सर, आपली बॅटिंग झाली का?" मी त्याला बाहेर बसवून पालकांना फोन केला. त्यासाठी डॉक्टर लागला नाही. आपण कोणत्या मैदानावर आहोत, मागचा सामना कोणी जिंकला, एवढे प्रश्न कोणताही पंच विचारू शकतो. मात्र उत्तरे बरोबर आली म्हणून खेळू देऊ नये. चुकली तर त्या मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

सरळबॅट:
निवड चाचणीत तोच मुलगा डोके दुखत असल्याचे सांगेल का? बाहेर बसला तर त्याचे वर्ष जाते.

यष्टीमागून:
नाही सांगणार, आणि म्हणूनच त्याला विचारून ठरवू नये. जिल्हा संघटनांनी निवड समितीला लेखी बंधन घालावे की, डोक्याला मार लागून बाहेर बसलेल्या मुलाची चाचणी तो बरा झाल्यावर पुन्हा घेतली जाईल.